पंखा फिरतोय म्हणजे पॉवर सप्लाय ओके, असं नसतं हो

पीसी चालू होत नसेल तर "चार सोपे उपाय" असा एक मेसेज सध्या ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय. त्यात लिहिलंय की पंखा फिरत असेल तर एसएमपीएस (म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय) ओके समजा, डिस्प्ले येत नसेल तर रॅम काढून खोडरबरने घासा, तरी नाही झालं तर मदरबोर्डवरचा सेल बदला, आणि विंडोजपाशी येऊन अडकत असेल तर सरळ फॉरमॅट मारा. प्रत्येकात थोडं तथ्य आहे म्हणून लोकांना पटतं, पण डोळे झाकून असं करत गेलात तर साधा बिघाड मोठा होतो आणि शेवटच्या उपायात तर डेटाच जातो, म्हणून एकेक घेतो.

आधी पंखा. पंख्याला १२ व्होल्ट लागतात आणि ते जरा कमी आले तरी तो गरगर फिरतो. बाकी मशीनचं तसं नाही, १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ ची ४.७५ ते ५.२५ मध्येच पाहिजे. शिवाय सगळे व्होल्टेज जागेवर आले की सप्लाय बोर्डला "पॉवर गुड" सिग्नल देतो (२४ पिनच्या कनेक्टरवर ८ नंबरची पिन, जुन्या सप्लायवर करडी वायर), तो आला नाही तर बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्येच धरून ठेवतो, सुरूच होऊ देत नाही, म्हणजे पंखे चालू, लाइटी चालू आणि स्क्रीन काळी. प्रोसेसरच्या शेजारचा ४ किंवा ८ पिनचा वेगळा कनेक्टर लावायचा राहिला किंवा अर्धवट बसला तरी सेम चित्र दिसतं, आणि नवीन जोडलेल्या मशीनमध्ये हे फार होतं. सप्लाय तपासायला काहीजण त्याच्या कनेक्टरची हिरवी-काळी वायर शॉर्ट करतात, तसा तो चालू झाला तरी लोड नसताना चालला एवढंच कळतं, लोडवर तो टिकेल का ते कळत नाही. खात्रीच करायची तर चांगला माहीत असलेला दुसरा सप्लाय लावून बघा. आणि एसएमपीएस उघडू नका प्लीज, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

आता खोडरबर. रॅम घासल्यावर पीसी चालू झाला की क्रेडिट रबरला मिळतं, पण बऱ्याचदा काम होतं ते काढून परत नीट बसवल्यामुळे. त्या सोनेरी पट्ट्यांवरचा मुलामा जेमतेम एखादा मायक्रॉन जाड किंवा त्याहूनही पातळ असतो, रबराने तो झिजतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच ताप. पट्ट्या मळकट दिसत असतील तर स्वच्छ कपड्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. आणि मेसेजमध्ये एक फार महत्त्वाची गोष्ट लिहिलेलीच नाही, पीसी बंद असला तरी प्लग लावलेला असेल तर बोर्डवर ५ व्होल्टचा स्टँडबाय चालू असतो, त्यामुळे आधी प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा आणि मगच रॅमला हात लावा.

मुळात डिस्प्ले नाही म्हणजे रॅमच, हे कुठून आलं? बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क) अशी नावं असलेले चार बारीक एलईडी असतात. चालू केल्यावर ते एकेक करून लागतात आणि विझतात, जो लागून राहिला तिथे गाडी अडली. डीरॅमवर अडली तर रॅमची एकच काडी ठेवून स्लॉट बदलून बघा. व्हीजीएवर अडली तर रॅम कितीही घासा, काही होणार नाही, कार्ड आणि त्याची पॉवर केबल बघा. कार्ड असताना मॉनिटरची केबल बोर्डला लावलेली, हेही खूप ठिकाणी सापडतं! डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) वाल्यांनो, रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला, काही मिनिटं लागू शकतात, तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते, मध्येच बंद करू नका.

सेलबद्दल. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा. संपला तर घड्याळ चुकतं, बायोसची (बोर्डच्या स्वतःच्या प्रोग्रामची) सेटिंग डिफॉल्टला जातात, पण बहुतेक बोर्ड तरीही चालू होतात. ओव्हरक्लॉक (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) किंवा एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवायची तयार सेटिंग) लावून मशीन अडकलं असेल तर सेल काढून ही सेटिंग रिसेट करण्याचा उपयोग होतो हे खरं. मात्र स्टोरेज मोड रेडवर (RAID, डिस्क एकत्र जोडून वापरायचा मोड) असेल आणि रिसेटने बदलला तर चांगलं चालणारं विंडोजही निळी स्क्रीन देतं, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. की हाताशी नसेल तर सेलला हात लावायच्या आधी ती शोधा.

आणि फॉरमॅट. विंडोजचा लोगो दिसतोय म्हणजे सप्लाय, रॅम, डिस्प्ले निदान तिथपर्यंत पोचलेत. लागोपाठ बूट फेल झालं की विंडोज स्वतःच रिपेअरच्या स्क्रीनवर नेतं, तिथे स्टार्टअप रिपेअर, शेवटचा अपडेट काढणं, सिस्टिम रिस्टोर, सेफ मोड हे सगळं आहे, ते आधी करा. "बूट डिव्हाइस सापडत नाही" आलं तर बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा, तिथेच दिसत नसेल तर फॉरमॅट करणार कशाला? केबल बघा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा. डिस्क दिसतेय पण मशीन सारखं अडकतंय तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फायली बाहेर काढा, नाहीतर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून काढा. आणि हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, ती परत परत चालू करून बघू नका, डेटा हवा असेल तर तशीच बंद ठेवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्या.