जेवण मिरवणुकीच्या पलीकडे

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. १९ फेब्रुवारीलाही फोटोला हार पडतात, पण खरा जीव अडकलेला असतो वैशाखातल्या चित्ररथांत. जयंतीनंतर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी नरगुंदकर भावे चौकाकडे रथ जमायला लागतात आणि मिरवणूक रात्रभर चालते. आम्ही खानापूरकडची माणसं ती बघायला जातो. महाराज दिसतात, मावळे दिसतात, ट्रॅक्टरवर बांधलेला प्रतापगड दिसतो. दिसत नाही ते फक्त ताट.

बेळगावात खायला मिळत नाही असं कोणी म्हटलं, तर त्याला मी आल्या गाडीनं परत पाठवीन. उडप्याचा डोसा आहे, खानावळीतली जोंधळ्याची भाकरी नि एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी, आहे, कोल्हापुरी वळणाचा रस्सा आहे, चोर्ल्याचा घाट चढून आलेली गोव्याची मासळी आहे. शिवाय दूध आटवून आटवून तांबूस केलेला कुंदा आहेच. अडचण एवढीच की यातलं जे तुम्हाला हवं असतं, ते त्या रात्री मिरवणुकीच्या पलीकडे असतं. तुम्ही मारुती गल्लीत उभे असाल तर खानावळ रामदेव गल्लीत. ढकलाढकली करून रामदेव गल्लीत पोचलात, की शेजारचा प्रेक्षक सांगणार, “अवो, खरं जेवण तिकडं मारुती गल्लीत!”

त्यातून आमची फौज एकदिलाची नाही. बायकोला मसाला डोसा, तोही पंख्याखाली बसून. मेहुण्याला बिर्याणी. काकांचा भाकरीशिवाय घास उतरत नाही. आणि चिरंजीवांना गाड्यावरची गोबी मंचुरी. २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, तेव्हापासून गोबीची चव गेली असं त्याचं मत आहे. मत पक्कं असलं तरी खाणं थांबलेलं नाही.

सर्वांत मोठा पेच शहापूरच्या आत्याचा. गावात आत्या असताना हॉटेलात जेवणं हा आमच्या घराण्यात गुन्हा आहे. पण आत्याचं घर रेल्वेच्या पलीकडे, आणि तिच्याकडे एकदा पाट मांडला की चित्ररथ बघायचे ते फोटोतच. म्हणून तिला फोनवर सांगितलं, “आत्या, आम्ही जेवूनच निघालोय.” आता जेवायचं होतं ते लपूनछपून. उडप्याच्या दारात रांगेत उभं राहून बायको डोक्यावरून पदर घेत होती. तिकडं कोण ओळखीचं भेटेल याचा नेम नाही. बेळगावात दर दहा माणसांत एक आत्याचा भिशीतला निघतो.

रांग सरकली, आम्ही काउंटरपाशी आलो आणि आतून आवाज आला, “ऊट मुगदैत्री!” काकांना कानडी चांगलं येतं, त्यामुळे जेवण संपल्याचं दुःख त्यांना आमच्या आधी झालं. डोसा? तवा धुतला. मेहुणा आनंदानं म्हणाला, “चला, बिर्याणी!” बिर्याणीचं दुकान समोरच दिसत होतं. मध्ये होता मंडळाचा दोर, दोरामागं ढोलपथक, त्यामागं ट्रॅक्टर, त्यामागं परत दोर. पोलीसदादा म्हणाले, “पुढच्या चौकातनं जावा.” पुढच्या चौकातल्या पोलीसदादांनी मागच्या चौकातनं जायला सांगितलं.

तेवढ्यात आग्र्याहून सुटकेचा देखावा आला. १६६६ साली महाराज पेटाऱ्यांतून निसटले, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलोय, पण ते पेटारे मिठाईचे होते ही गोष्ट इतकी खोल कधी भिडली नव्हती. मेहुणा पेटाऱ्यावर नजर ठेवून ट्रॅक्टरबरोबर चालायला लागला. कोपऱ्यावर रथ अडकला, झाकण किलकिलं झालं, आणि आतून बालसंभाजी डोकावले. त्यांच्या हातात अर्धा वडापाव होता. मेहुण्यानं इतक्या करुण आवाजात “कुठं मिळाला रे?” विचारलं की राजांनी तलवारीनं दिशा दाखवली. दिशा अर्थातच पलीकडची.

काका या वेळी इतिहासात शिरले. उपाशीपोटी ते नेहमीच शिरतात. दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना, १६७८ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या बेळवडीच्या लोकांनी मराठ्यांचे सामान वाहणारे बैल पळवले. त्यावरून गढीला वेढा पडला आणि तिथल्या देसाईणीनं २७ दिवस गढी लढवली. “बघा,” काका म्हणाले, “रसद म्हणजे काय चेष्टा नव्हे.” बायको म्हणाली, “ती बाई २७ दिवस हटली नाही, आणि तुमच्या पुतण्याला डोशासाठी अर्धा तास आधी निघा म्हटलं तर जड जातं.” इतिहासाचा असा वापर मला मान्य नाही, पण पोटात काही नसताना वाद घालू नये.

अर्थात मंडळांनी आम्हाला अगदीच वाऱ्यावर सोडलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ताक होतं, पुढं पाणी होतं, त्यापुढं परत ताक होतं. एके ठिकाणी मसालेभाताचं पातेलं दिसलं. आम्ही पोचेस्तोवर झारा बुडाशी खरवडत होता. ताक मात्र वैशाखातलं, थंडगार, आलं-कोथिंबीर घातलेलं. आग्रह इतका की मला चौथा पेला नाही म्हणवेना. रात्री एकनंतर आमचा शोध जेवणाचा राहिला नाही. वेगळ्याच सोयीचा सुरू झाला, आणि तीही पलीकडेच होती.

शेवटी गोबीनं लाज राखली. गाडा आमच्याच बाजूला होता, हा त्या रात्रीतला एकमेव चमत्कार. बायकोनं ती चमच्यानं, काकांनी डोळे मिटून आणि मेहुण्यानं बिर्याणी समजून खाल्ली. चिरंजीवांनी दोन बशा हाणल्या.

पहाटे आत्याकडे टेकलो. तिनं दार उघडलं, पोराच्या सदऱ्यावरचा तांबूस डाग बघितला आणि काही न विचारता आत गेली.

“जेवूनच निघालोय म्हणालासा न्हवं?” आतून आवाज आला. “मग गोबी कुठं खाल्लासा?”

“गाड्यावर,” चिरंजीव म्हणाले. “पण आधी हॉटेलात गेलो होतो. तिथं जेवण संपलं होतं. मग मामा बिर्याणी—”

मामानं त्याचं तोंड दाबलं, पण उशीर झाला होता. आत्यानं सकाळी सहाला पाट मांडले. अक्षय्य तृतीयेचा उरलेला आमरस, पोळ्या, डाळीची आमटी, वर तुपाची धार. कोणी नको म्हणायचा प्रश्नच नव्हता; प्रत्येक वाढपाला आत्या एवढंच विचारत होती, “का, हाटेलाएवढं जमलं नाही वाटतं?”