रकाना सातवा : गोपनीयता पाळली का? हो / नाही

परवा आमच्याकडं ओजेटीला, म्हणजे कॉलेजच्या अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, आलेल्या मुलीचा शेवटचा दिवस होता. एम.कॉम.ची पोरगी. कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म माझ्यासमोर ठेवून ती चहाचं सांगायला गेली. वक्तशीरपणा, संगणक, वागणूक, सगळे रकाने भराभर भरले. सातव्यावर पेन अडलं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी आस्थापना विभाग बघते. लोकांना वाटतं, हजेरी लावायची नि पगार काढायचा, संपलं. पण आमच्या कपाटात काय काय असतं? कुणी पीएफला वारस म्हणून बायकोऐवजी आईचं नाव लावलेलं असतं. कुणाच्या पगारातून कोर्टाच्या आदेशानं पोटगी कापली जाते. कुणाचं डॉक्टरी सर्टिफिकेट असं असतं की वाचून आपणच फाईल मिटावी. त्यात हे सोलापूर. आमच्या पूर्व भागात नळाला पाणी रोज येत नाही, बातमी मात्र रोज येते.

पहिल्याच आठवड्यात या मुलीनं घोळ घातला. ‘माय फर्स्ट ऑफिस’ म्हणून टेबलाचा फोटो स्टेटसला ठेवला. मागं उघडं रजिस्टर. मोठं करून बघितलं तर नावं आणि पीएफचे यूएएन नंबर स्वच्छ वाचता येत होते. मी सगळ्यांसमोर झापलं तिला. ती रडली नाही. फोटो काढून टाकला आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, काय दाखवायचं नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

खरं होतं ते. कॉलेजनं पत्र दिलं होतं, आम्ही खुर्ची दिली होती. मधलं कुणीच काही दिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी डबा खाताना तिला समोर बसवलं आणि तासभर बोलले. आधारची झेरॉक्स घेताना मास्क केलेलं आधार चालत असेल तर तेच घ्यायचं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कर्जवसुलीवाल्याचा फोन आला, “अमका तिथंच आहे का, पगार कितवीला होतो?” तर म्हणायचं, लेखी पाठवा. मग तो कितीही गोड बोलो.

आमच्या साहेबांचं मत वेगळं. “ट्रेनीला कपाटाची किल्ली द्यायचीच कशाला? झेरॉक्स काढू दे.” मला हे पटत नाही. झेरॉक्स काढणाराच तर प्रत्येक कागद बघतो! आणि चार महिने नुसती झेरॉक्स काढून पोरगी शिकणार काय?

मग एक दिवस फायलींचा गठ्ठा लावताना तिनं एक फाईल बाजूला काढली आणि न उघडता माझ्यापुढं ठेवली. “मॅडम, ही दुसऱ्या कुणाला द्या. हे काका आमच्याच गल्लीत राहतात.”

एकवीस वर्षं झाली मला या खुर्चीत. माझ्या शेजाऱ्यांच्या, नात्यातल्या लोकांच्या किती फायली मी उघडल्या असतील. एकदाही असं वाटलं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही, एवढ्यावरच मी स्वतःला प्रामाणिक समजत होते. त्या फाईलीत काय होतं ते मला माहीत आहे. तिला आजही माहीत नाही.

दुसरी गोष्ट सांगायची लाज वाटते, तरी सांगते. आमच्याकडं जुन्या पगारपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर कच्ची प्रिंट काढायची पद्धत. काटकसर! ती मीच सुरू केलेली. उरलेले कागद कँटीनला जायचे. एके दिवशी तिनं तेलानं माखलेला कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यात भजी आली होती. उलटा केला तर आमच्या विव्हिंग खात्यातल्या अकरा जणांची नावं, पगार, कपात. मी तिच्यावर स्टेटससाठी ओरडले होते. माझ्यावर कोण ओरडणार?

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. माहितीची नीट सुरक्षा ठेवली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे त्यात. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची, टेबलावर बसवलेल्या ट्रेनीची नव्हे. निव्वळ कागदाच्या फाईलीला हा कायदा लागत नाही, ती स्कॅन केली की लागतो. म्हणजे भजीचा कागद कायद्यातून सुटला म्हणायचा. काय बोलायचं!

तर तो सातवा रकाना. ‘हो’ला गोल केला. पुढं ‘उदाहरण द्या’ म्हणून दोन ओळी रिकाम्या होत्या. उदाहरण होतं की माझ्याकडं! पण फॉर्म तिच्याच कॉलेजात जाणार, तिथं तिच्या गल्लीतलं कुणी ना कुणी असणारच. ओळी कोऱ्या ठेवल्या. (इथंही खाणाखुणा बदलूनच लिहिलंय. शोधत बसू नका.)

कागद बारीक कापणारा श्रेडर आलाय आता. आमचे शिपाईमामा त्याच्याकडं बघून तेवढे नाराज आहेत. म्हणे, “मॅडम, मग भजी कशात बांधून आणायची?”