मशीन पळतंय कोणाचं?

डोकं फिरलंय आज, लिहूनच टाकते.

भाचा आलाय सुट्टीला. कॉलेजात सिनेमाच्या इतिहासाचा प्रोजेक्ट, म्हणून हॉलमध्ये मोबाइलवर 'संत तुकाराम' बघत बसला होता. दीडपट स्पीडला! तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा अभंग, आणि हा पळवतोय. मधे कोणी बोलत नसेल की बोटानं दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. वर मला म्हणतो, "आत्या, यात काही होतच नाहीये गं."

आमच्या अण्णांना, माझ्या वडिलांना, आता नीट दिसत नाही, खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मशीन पळतंय कोणाचं?"

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अण्णा ऑपरेटर होते, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवायचे, पेठेतल्या टॉकीजमध्ये, ३४ वर्षं. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला ९० फूट, हे अंगात मुरलंय त्यांच्या. मी शाळेत असताना रात्रीचा डबा घेऊन केबिनमध्ये जायचे. आत भट्टीसारखं गरम, दोन मशीनं, उजेडासाठी आत कार्बनच्या दोन कांड्या जळतायत, जळून त्यांच्यातलं अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड बिघडतो म्हणून सारखं लक्ष तिकडे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू, दुसऱ्या ठिपक्याला चित्र इकडून तिकडे. मधे सात-आठ सेकंद, तेवढा वेळ अण्णांशी बोलायचं नाही. एकदा नऊच्या शोला पडद्यावर एक बाई नुसती दाराकडे बघत उभी, थेटरात चिडीचूप, आणि नेमकं तिथेच रीळ बदलायचं आलं. खाली कुणाला पत्ता लागला नाही. अण्णांनी कपाळ पुसलं आणि मग डबा उघडला.

अरे, ती बाई नुसती उभी होती तेव्हाही "काही होत" नव्हतंच की! आठशे माणसं श्वास रोखून बसली होती.

७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली, एकेक मिनिटाची, तेवढ्यावर लोक थक्क. फाळक्यांच्या घरी कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या, वर सगळ्या युनिटचा स्वयंपाक. तेव्हा कुठे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' झाला. प्रभात फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्यात आली, आणि 'तुकाराम' १९३६ ला जिथे बनला तिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हा पोरगा त्या लॉ कॉलेज रोडवरून शंभरदा गेला असेल. आणि म्हणे स्पीड वाढवतो!

मूकपटाच्या काळी मशीन हातानं फिरवायचे आणि शो लवकर उरकायला जोरात फिरवणारेही होते, मान्य. १९३१ ला बोलपट आला, आवाज आला, तेव्हा स्पीडला लगाम बसला. आणि मोबाइल नसता तर यानं 'तुकाराम' बघितलाच नसता, बरं, तेही मान्य.

पण आता केबिनमध्ये माणूसच नाही त्याचं काय? मागे एका मल्टिप्लेक्समध्ये निम्मा पडदा अंधुक, बाहेर जाऊन सांगितलं तर पोरगा म्हणतो, मॅडम, ते सिस्टिमवरून आहे. आमच्या वेळी थेटर ओरडायचं, "ए, फोकस!" आणि वरून अण्णा दोन सेकंदांत नीट करायचे. अण्णांच्या टॉकीजची दोन्ही मशीनं किलोवर गेली. ते बघायला गेले होते. भंगारवाल्याला म्हणाले, लेन्स तेवढी कापडात गुंडाळून ने रे बाबा.

मंडईत आपण गाडी लावतो ना, ते आर्यन पार्किंग, तिथे आर्यन टॉकीज होतं. नाव तरी राहिलं म्हणायचं.

जरा जास्तच ओरडले मी पोरावर. तोंड एवढंसं झालं त्याचं. एकोणीस वर्षांचा आहे, त्याला कोणी कधी केबिन दाखवलीये? आमचंच चुकलं, अण्णा घरात असून कधी विचारलं नाही, कधी सांगायला लावलं नाही.

चहा घेऊन हॉलमध्ये गेले तर हा अण्णांच्या पायाशी बसलेला. अण्णांनी त्याचा तळहात धरून उजव्या कोपऱ्यात बोटानं ठिपका काढला, थांबले, मनात मोजलं आणि दुसरा काढला. तो म्हणाला, "आजोबा, परत एकदा."