‘टायटल कंपनी सगळं करते, वकील कशाला?’ या मेसेजला न्यू जर्सीतून उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. त्यातला एक तर सख्ख्या मेहुण्याने पाठवला होता. मथळा होता, ‘अमेरिकेत घर घेताय? वकिलाचे ४,००० डॉलर वाचवा.’ मजकूर थोडक्यात असा: क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होण्याच्या शेवटच्या व्यवहाराला, वकील लावणं ही जुनी खोड आहे, कॅलिफोर्निया-टेक्ससमध्ये कुणी लावत नाही, वकील करतो ते सगळं टायटल कंपनी (जागेची मालकी तपासणारी कंपनी) करतेच, करार छापील असतो, त्यात बदलण्यासारखं काही नसतं, आणि वकील मध्ये आला की जमलेला सौदा फिसकटतो.

मेहुणा एडिसनमध्ये घर बघतोय, म्हणून हे उत्तर न्यू जर्सीपुरतं.

कॅलिफोर्निया-टेक्ससचं म्हणणं खरं आहे. तिथे एस्क्रो कंपनी (व्यवहाराचे पैसे आणि कागद सांभाळणारी त्रयस्थ कंपनी) किंवा टायटल कंपनीच व्यवहार पार पाडते आणि बहुतेक लोकांना वकिलाचं तोंडही बघावं लागत नाही. पण त्याच देशात जॉर्जिया, साउथ कॅरोलिना, मॅसॅच्युसेट्समध्ये क्लोजिंग हे वकिलाचं काम मानलं जातं. म्हणजे ‘अमेरिकेत’ असं एक काही नसतंच. न्यू जर्सी तर स्वतःच दोन भागांत वाटलेली आहे. उत्तरेत दोन्ही बाजूंना वकील असतात. दक्षिणेत, फिलाडेल्फियाच्या बाजूला, वर्षानुवर्षं एजंट आणि टायटल कंपनीच क्लोजिंग करतात. हे चालतं का, असा वाद राज्याच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि १९९५ मध्ये कोर्टाने सांगितलं, चालतं. मेसेज लिहिणाऱ्याला हा निकाल ठाऊक असता तर त्याने नक्की छापला असता. पण त्याच निकालात एक अट आहे. एजंटने ग्राहकाला लेखी नोटीस द्यायची, की एजंट आणि टायटल कंपनी दोघांनाही सौदा पूर्ण झाला तरच पैसे मिळतात, ते तुम्हाला कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत, आणि वकील न घेण्यात धोका आहे. त्यामुळे ‘टायटल कंपनी तेच काम करते’ या वाक्याला उत्तर द्यायची मला फारशी गरज नाही. करारासोबत येणारी ती नोटीसच देते.

तरी थोडं खोलात जाऊ, कारण टायटल इन्शुरन्सबद्दल (मालकीत खोट निघाली तर भरपाई देणाऱ्या विम्याबद्दल) आपल्या लोकांत भलताच विश्वास आहे. टायटल कंपनी जागेचे जुने कागद तपासते: आधीचं कर्ज फिटलंय का, कुणाची थकबाकी जागेवर चढलीय का, विकणारा खरोखर मालक आहे का. हे काम मोलाचं आहे, आणि ते वकील असला तरी टायटल कंपनीच करते. पण लेंडर, म्हणजे घरकर्ज देणारा, जी पॉलिसी घ्यायला लावतो ती लेंडरच्या संरक्षणासाठी. तुमच्यासाठीची ओनर्स पॉलिसी वेगळी मागावी लागते. शिवाय आधीच्या मालकाने टाऊनशिपचं (गावच्या नगरपालिकेचं) परमिट न काढता बेसमेंटमध्ये बाथरूम बांधलं असेल, तर ते साध्या पॉलिसीत सहसा येत नाही. अंगणात पुरलेली, जुन्या हीटिंगच्या तेलाची टाकी तर नाहीच नाही. टाकीवर पुढे येतोच.

आता ते ४,०००. हा आकडा कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. उत्तर जर्सीत टायटलचं काम बहुतेक वेळा तुमचा वकीलच मागवतो. मग टायटलचा प्रीमियम, सर्च, सर्व्हे, रेकॉर्डिंग फी हे सगळं त्याच्याच ऑफिसातून आलेल्या हिशेबात दिसतं आणि माणूस खालची बेरीज बघून ‘वकिलाने लुटलं’ म्हणतो. यातला बराचसा खर्च वकील नसता तरी तुम्हीच भरला असता. क्लोजिंग डिस्क्लोजर नावाचा जो पाच पानी कागद लेंडर क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी देतो, त्याचं दुसरं पान उघडा. वकिलाची ओळ वेगळी असते. साध्या घरखरेदीला इथले वकील ठरावीक रक्कम घेतात, साधारण हजार ते दोन हजार डॉलर. सहा लाखांच्या घरावर दीड हजार म्हणजे पाव टक्का. त्याच घरावर एजंटचे अडीच टक्के धरले तर १५,००० होतात. त्यावर कुणी मेसेज पाठवत नाही.

‘करार छापील असतो, त्यात बदलण्यासारखं काही नसतं.’ हा मुद्दा मात्र साफ खोटा, आणि यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. एजंटने भरलेल्या प्रत्येक करारात एक ठळक कलम असतं: सही झालेली प्रत हातात आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुमचा वकील करार नामंजूर करू शकतो किंवा बदल मागू शकतो. यालाच आपण अ‍ॅटर्नी रिव्ह्यू म्हणतो. वकील संघटना आणि एजंट संघटना यांच्यातल्या भांडणातून १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या संमतीने ते आलं. (नामंजुरी कळवण्याच्या रीतींत तार होती! ईमेल चालेल असं कोर्टाने सांगितलं ते २०१७ मध्ये.) म्हणजे छापील करार बदलता यावा याचीच सोय छापील करारात केलेली आहे. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या मोजायच्या नाहीत. तीन दिवस गेले, कुणी काही बोललं नाही, की करार आहे तसा दोघांवर बंधनकारक. वकिलाचे पैसे आपण देतो ते क्लोजिंगच्या टेबलावर बसायचे नव्हेत, मुख्यतः या तीन दिवसांचे. शेवटच्या आठवड्यात वकील गाठणाऱ्याला तो महाग वाटणारच. वकिलाच्या हातात तोवर काही उरलेलंच नसतं.

आमचं घर १९५८ चं. हीटिंग गॅसवर. इन्स्पेक्टरने बेसमेंटच्या भिंतीवर टॉर्च मारला तेव्हा तांब्याच्या दोन बारीक नळ्या बाहेर डोकावत होत्या, टोकं चेपलेली. पूर्वी हीटिंग तेलावर असल्याची ही खूण. एजंट म्हणाला, जुन्या घरात असतंच असं काहीबाही. आमच्या वकीलबाईंना आम्ही हे सांगायची गरजच पडली नाही. घराचं वर्ष बघून त्यांनी रिव्ह्यूच्या पत्रात आधीच एक परिच्छेद घातला होता: जमिनीखाली तेलाची टाकी सापडली तर विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने, टाऊनशिपच्या परमिटने ती काढायची, मातीची तपासणी करून कागद द्यायचे, नाही केलं तर आम्ही डिपॉझिट परत घेऊन बाहेर. काही शे डॉलर देऊन आम्ही टाकी शोधणारा माणूस बोलावला. गॅरेजच्या कडेला, हायड्रेंजियाच्या झुडपाखाली त्याचं यंत्र वाजलं. टाकी निघाली, सुदैवाने गळकी नव्हती. क्लोजिंग पाच आठवडे लांबलं आणि भाड्याच्या घराचा एक महिना आम्हाला अंगावर पडला. गळकी टाकी आणि घर आमच्या नावावर, असं असतं तर माती उपसायचा खर्च सहज पाच आकड्यांत गेला असता. घराचा नेहमीचा विमा तो बहुधा देत नाही. त्या परिच्छेदाला छापील करारात जागा नव्हती.

वकिलामुळे सौदा फिसकटतो का? कधी कधी, हो. हा मेसेजमधला खरा मुद्दा आहे. रिव्ह्यू उघडला की तो दोन्ही बाजूंना उघडतो. तो संपेपर्यंत विकणारासुद्धा बांधलेला नसतो. मध्येच कुणी वीस हजार जास्त देऊ केले तर तो तुम्हाला सोडून जाऊ शकतो, आणि बाजार तेजीत असला की जातोच. म्हणून क्षुल्लक गोष्टींवर आठ-दहा दिवस पत्रं पाठवत बसणारा वकील खरंच नडतो. त्यावर उपाय म्हणजे चपळ वकील, आणि तोही ऑफर देण्याआधीच ठरवून ठेवलेला.

मेसेजमध्ये नसलेली पण आपल्या मंडळींत हमखास ऐकू येणारी एक गोष्ट: ‘ओळखीतलाच माणूस विकतोय, एजंटही नाही, मग वकील कशाला?’ नेमका इथेच हवा. तीन दिवसांचं कलम एजंटने तयार केलेल्या करारात सक्तीचं आहे. दोघांनी आपापसात करार लिहून सह्या केल्या तर ते आपोआप येत नाही. आणि तो ओळखीतला माणूस दोन वर्षांपूर्वी पुण्याला परतला असेल, त्याच्याकडे ग्रीन कार्ड वा नागरिकत्व उरलं नसेल, तर करासाठी तो परदेशी ठरू शकतो. तसं असलं तर विक्रीच्या किमतीतले एरवी १५ टक्के कापून आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) भरायची जबाबदारी विकत घेणाऱ्याची आहे. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या, तीन लाख ते दहा लाखांमधल्या घराला दर १० टक्के. तीन लाखांपर्यंत काही नाही. सहा लाखांच्या घराला म्हणजे ६०,००० डॉलर. कापले नाहीत तर आयआरएस पुण्याला पत्र पाठवत बसत नाही, तुमच्या दारात येते.

मेहुण्याने मग तीन ऑफिसांत फोन केले. एकाने १,६०० सांगितले, दुसऱ्या बाईंनी १,३५०, तिसऱ्याने ९५०. तिसरा स्वस्त कसा, हे खोदून विचारल्यावर कळलं, की इन्स्पेक्शननंतरच्या पत्रव्यवहाराचे ३०० वेगळे, सौदा मोडला तरी पूर्ण फी, आणि फोनवर कायम असिस्टंटच. दुसऱ्या बाईंनी फोन स्वतः उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘घर कुठल्या साली बांधलंय?’ त्याने तिथेच थांबून त्यांना चेक पाठवला.