चांदणीवाली नोट

उपासाचा साबुदाणा, शेंगदाणे आणि भांड्यांचा साबण, एवढंच घ्यायचं होतं. बँकेचा सर्व्हर झोपला होता म्हणून फोन आत ठेवला आणि पाचशेची नोट काढून दिली. दुकानदाराने ती डोळ्यांजवळ नेली आणि परत माझ्याकडे सरकवली.

"मावशी, दुसरी द्या. हिच्यात चांदणी आहे."

मावशी! त्याच्या दाढीत माझ्या डोक्यापेक्षा जास्त पांढरे केस आहेत. पण तो मुद्दा वेगळा.

चांदणी होती, खरी गोष्ट. नंबरात अक्षरं संपून आकडे सुरू होतात तिथे, मधोमध. छापखान्यात शंभरच्या गड्डीतली एखादी नोट खराब निघाली, की तिच्या जागी अशी चांदणीवाली घालतात. दहा, वीस, पन्नासच्या नोटांत हे 2006 पासून चालू आहे, पाचशेच्या नोटेत डिसेंबर 2016 पासून. गड्डीच्या पट्टीवरसुद्धा आत चांदणीवाली आहे असं छापलेलं असतं. किंमत तीच, कागद तोच, गांधीजी तेच. आणि हे मी कुठे समजावत होते? नाशिकमध्ये, इंदिरानगरात. रिक्षाने थोडं पुढे गेलं की नाशिकरोडची प्रेस, 1928 पासून नोटा छापणारी. दुसऱ्या एखाद्या गावात नोटेवर शंका घेतली तर आपण समजून घेऊ. आपल्या गावचा माल आपणच ओळखत नसू, तर मग द्राक्षंही तपासून घ्यायला हवीत.

"अहो, चालते ही," मी म्हटलं.

"चालते, पण इथे नाही," मागून आवाज आला.

माकडटोपी, पायात चालायचे बूट, हातात अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. काकांनी माझी नोट माझ्या परवानगीशिवाय उचलली. दुधाची पिशवी शेंगदाण्याच्या पोत्यावर ठेवली. नोट ट्यूबलाइटसमोर धरली, तिरकी केली. धागा हिरव्याचा निळा झाला तशी त्यांची निराशा झालेली दिसली. मग त्यांनी नोटेचा वास घेतला. अगदी डोळे मिटून, अत्तराच्या दुकानात घेतात तसा.

"शाई कच्ची आहे," ते म्हणाले. "माझे साडू प्रेसला होते."

नाशकात प्रत्येकाचं कोणीतरी प्रेसला असतंच. मी विचारलं, "नाशिकरोडला?"

"गांधीनगरला."

गांधीनगरच्या प्रेसमध्ये सरकारी छपाई होते, नोटा नाही. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "शाई ती शाईच."

माझ्या मागे रांग वाढत होती. एका बाईंनी दहाची काडेपेटी हातात धरून नुसता सुस्कारा सोडला. मी हट्टाला पेटले. फोनवर रिझर्व्ह बँकेचं जुलै 2023 चं निवेदन काढलं. चांदणीवाली नोट चालत नाही, याच अफवेवर ते काढावं लागलं होतं. फोन काकांच्या नाकासमोर धरला. काकांनी चष्मा चढवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे बघा. काय लिहिलंय? रिप्लेस्ड! म्हणजे काढून टाकलेली. बँकच सांगतेय."

"काढून टाकलेल्या नोटेच्या जागी आलेली, काका."

"मग तिला रिप्लेस्ड कसं म्हणतात? माझी गुडघ्याची वाटी रिप्लेस झाली, म्हणजे जुनी गेली ना?"

"पण डॉक्टर नव्या वाटीलाच रिप्लेस्ड गुडघा म्हणतात ना?"

काका गप्प झाले, गुडघ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात दुकानातला पोऱ्या गोणीवरून म्हणाला, "काका, आपल्या स्कूटरमध्ये रिप्लेस्ड बॅटरी आहे, ती नवीच आहे." दुकानदाराने त्याला आत पिटाळलं. खरं सांगते, या बाबतीत काकांची थोडी बाजू आहे. जी गेली तिलाही तेच विशेषण, जी आली तिलाही तेच. 'बदली आलेली नोट' असं साधं छापलं असतं, तर माझी वीस मिनिटं वाचली असती आणि ती काडेपेटीवाली बाई घरी पोचली असती. पण साधं लिहिलं तर ते परिपत्रक कसलं!

मला खरा राग मात्र दुकानदाराचाच. याच माणसाने गेल्या महिन्यात मी मागितलेली तूरडाळ नाही म्हणून दुसरीच बांधली. "मावशी, सेम आहे." शिजायला चार शिट्ट्या जास्त लागल्या, पण सेम. सुट्टे नसले की हा एका रुपयाच्या जागी चॉकलेट देतो. माझ्या घरी डबाभर चॉकलेटं आहेत. ती परत आणून दिली तर घेत नाही, मी विचारून बघितलंय. दहाचं नाणंही घेत नाही. त्याच्या सगळ्या चौदा डिझाइनची नाणी चालतात, असं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्येच सांगितलं, तरी नाही. म्हणजे त्याने बदलून दिलं की सेम, सरकारने बदलून दिलं की संशय. आणि आपण गिऱ्हाईक, दोन्हीकडे आपणच घ्यायचं. यावर कोणी बोलत नाही. सगळे मला "जाऊ द्या हो" म्हणतात.

तेच केलं. दुसरी नोट काढून दिली. त्याने ती न बघता गल्ल्यात टाकली, बघितलीही नाही, खोटी असती तरी चालली असती. उरलेल्या पैशांत दोन चॉकलेटं आली.

चांदणीवाली नोट पाकिटात ठेवायला लागले, तर काका जवळ सरकले आणि आवाज खाली आणला.

"ताई, अशा नोटांना म्हणे इंटरनेटवर लाखात भाव मिळतो. पुतण्या सांगत होता. तुम्हाला नकोच असेल तर... चारशे देतो."

"काका, ती पाचशेची आहे."

"हो, पण चालत नाही ना."

गल्ल्यामागून दुकानदार म्हणाला, "मावशी, साडेचारशे मी देतो."