गरम पाण्याची बादली

मागच्या आठवड्यात आमच्या दहावीच्या ग्रुपवर एका मित्रानं टाकलं, "चिखलदऱ्याचे लॉजवाले रडून राह्यले म्हणे, गिऱ्हाईक नाही. रडू द्या. पावसाळ्यात दोन हजाराची रूम सहा हजाराले देते, गरम पाण्याच्या बादलीचे ५० रुपये वेगळे घेते, आता भोगा म्हणा." खाली धडाधड अंगठे. मग एकानं त्याचे व्हिएतनामचे फोटो टाकले, दुसऱ्यानं लिहिलं की चिखलदऱ्यात आहेच काय बे, धुकं अन् भुट्टे, आणि तिसऱ्यानं निकाल देऊन टाकला की पर्यटनावर जगणाऱ्यायनं दुसरा धंदा पाहावा.

मी नाइट शिफ्ट करून घरी आलो होतो, झोपायचं सोडून लांबलचक उत्तर टाइप केलं. त्यावर एका ओळीत जवाब आला, "तू पाउंडात कमावतो भाऊ, तुले सोयाबीनचा भाव काय माहीत."

तर तो भाव मला माहीत आहे. दर रविवारी बाबांशी फोनवर पहिली दहा मिनिटं तेच असतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजाराच्या आसपास माल जात होता हे मला इथं बसून माहीत आहे. २०२२ मध्ये कापूस दहा हजाराच्या वर गेला तेव्हा बाबांनी घराला रंग मारला हे माहीत आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं तेव्हा ते तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत हेही माहीत आहे. आणि माझं म्हणणं हेच आहे की चिखलदऱ्याच्या रिकाम्या रूमचा हिशोब त्याच भावात आहे, लॉजवाल्याच्या लोभात तो सापडणार नाही.

चिखलदऱ्याला येतं कोण? मुंबई-पुण्याचा माणूस येत नाही, त्याला महाबळेश्वर जवळ पडतं. येतात ते अमरावती, अकोला, दर्यापूर, अंजनगावचे लोक. कास्तकार, जिल्हा परिषदेचे मास्तर, कृषी केंद्रवाले, अडते, संत्र्याचे व्यापारी, म्हणजे शे-दीडशे किलोमीटरच्या आतले. या सगळ्यांचा पैसा शेवटी एकाच शेतातून येतो, मास्तर सोडले तर, आणि मास्तराच्याही घरी चार एकर असतेच. माल पडला की पहिल्यांदा पोराची नवीन गाडी थांबते, मग लग्नाचा हॉल लहान होतो, मग चिखलदऱ्याची रात्र कॅन्सल होते. पण लोक यायचे थांबत नाहीत, लक्षात घ्या. सकाळी घरून डबा घेऊन येतात, देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड फिरतात, एक भुट्टा चौघात खातात आणि संध्याकाळी परत. रस्ता जाम दिसतो म्हणून ग्रुपवाल्यांना वाटते गर्दी आहे, आणि रूम रिकामी असते.

मी राहतो ते गाव मोरकॅम. इंग्लंडातलं, समुद्रावरचं, लँकॅस्टरच्या शेजारचं. हॉस्पिटल लँकॅस्टरला आहे पण भाडं इथं स्वस्त म्हणून १२ वर्षांपूर्वी आलो आणि राहिलो. आमचं घर पहिले गेस्ट हाउस होतं. वरच्या चारही बेडरूममध्ये कोपऱ्यात एकेक छोटं बेसिन आहे, आणि पोरीच्या खोलीच्या दारावर पितळेचा ४ नंबर अजून तसाच आहे. तो मी काढू देत नाही, का ते मलाही नीट सांगता येणार नाही.

शेजारच्या आजी ऐंशीच्या वर आहेत, त्यांनी पंचवीसेक वर्षं असंच गेस्ट हाउस चालवलं. त्या काळी या गावाला लोक 'समुद्रावरचं ब्रॅडफर्ड' म्हणायचे, कारण ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरण्या वर्षातून ठरल्या आठवड्यात बंद व्हायच्या आणि कामगार बायका-पोरांसकट इथं यायचे, गल्लीच्या गल्ली उठून यायची. खाली ब्लॅकपूलला लँकेशायरच्या कापडगिरण्यांची पब्लिक. आता त्या कापडगिरण्यांत कापूस कोणाचा होता? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस आटला तेव्हा यांनी आमच्या वऱ्हाडाकडे पाहिलं, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला येऊन रेल्वे आणि कापसाचा बाजार सुरू करून गेले. म्हणजे आमच्या पणज्या-खापरपणज्यानं वेचलेल्या कापसावर इथली पोरं समुद्रावर आइस्क्रीम खायची असं मी कधीकधी इथल्या बंधाऱ्यावर चालताना मनात म्हणतो आणि मला बरं वाटतं, या गावावर आपलाही थोडा हक्क आहे असं वाटतं.

आजींनी मला एक गोष्ट सांगितली जी मी ग्रुपवर तीनदा लिहून तीनदा खोडली. तेव्हाच्या मालकिणी जेवणाच्या टेबलावरच्या मीठ-मिरीच्या भांड्याचे वेगळे पैसे लावायच्या. बिलात वेगळी ओळ. पाहुणे चिडायचे, त्यावर जोक करायचे, आणि पुढच्या वर्षी परत यायचे. आजी म्हणाल्या, मिठाचे पैसे कोण कशाला लावेल, पण सीझन दहा-बारा आठवड्यांचा, घराचा टॅक्स बावन्न आठवड्यांचा.

हे ऐकलं आणि मला मामाची बादली आठवली.

माझ्या मामाचं चिखलदऱ्यात सात खोल्यांचं लॉज होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तिथंच असायचो, आणि सकाळी बंबातलं पाणी बादलीत काढून खोलीखोलीत पोचवायचं काम माझं आणि मामेभावाचं. त्या बादलीचे तेव्हा पाच रुपये. आता ज्याला ५० रुपये लूट वाटते त्यानं हिशोब करावा. चारही बाजूंनी व्याघ्र प्रकल्प, जंगलातून काडी उचलता येत नाही, म्हणून जळण खालून परतवाड्यातून गाडीनं घाटावर चढवायचं. पाऊस तिथं धो धो पडते आणि उन्हाळ्यात टँकर लावावा लागते. बंब पेटवायला माणूस पहाटे चारला उठतो. आणि कमाईचे दिवस किती, तर जुलै ते सप्टेंबरचे शनिवार-रविवार, म्हणजे सव्वीस रात्री, वर दिवाळी आणि नाताळाचे आठ-दहा दिवस. पस्तीस-छत्तीस रात्रींनी तीनशे पासष्ट दिवस ओढायचे. इथं हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या आठवड्याच्या सुट्टीत, तीच कॅराव्हॅन दुप्पट भावात जाते, आदल्या आठवड्यात निम्म्यात मिळते, आणि कोणी मालकाला चोर म्हणत नाही. तुम्ही स्वतः विमानाचं तिकीट दिवाळीत तिप्पट देऊन घेता आणि स्क्रीनशॉट टाकता की लवकर बुक केलं म्हणून वाचलो. गावच्या माणसानं तेच केलं की तो लुटारू.

मंदी आली की लॉज एका दिवसात बंद पडत नाही, हे मी दोन्ही गावांत पाहिलं. आजींनी पहिले बिछाने घालणारी पोरगी कमी केली. मग दोन वर्षं रंग दिला नाही. खारं वारं, रंग नाही दिला की घर लगेच म्हातारं दिसतं. त्यात सत्तरच्या दशकात लोक स्वस्तात स्पेनला उडायला लागले, तिकडं गिरण्या बंद पडत गेल्या, म्हणजे जाणाऱ्यांकडे दुसरी जागा होती आणि राहणाऱ्यांकडे पैसा नव्हता. १९७७ च्या वादळात एक पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला फिरायचा धक्का, गेला, दुसरा १९९२ मध्ये पाडून टाकला. रिकाम्या खोल्यांत महिन्याच्या भाड्यानं लोक ठेवले, ज्यांचं भाडं सरकार भरतं असे. गावाच्या वेस्ट एंड भागात आजही घंटीच्या पाटीवर एका दाराला आठ-आठ बटणं दिसतात. एका खोलीत एक माणूस, कोपऱ्यात तेच छोटं बेसिन. पाहुण्यांसाठी बांधलेल्या गावात आता कुठंच जाता न येणारे लोक राहतात.

मामाचं याच क्रमानं झालं, फक्त लवकर झालं. २०२० मध्ये इथं सरकारनं कामगारांच्या पगाराचे ८० टक्के भरले, हॉटेलांचा व्हॅट २० वरून ५ टक्क्यांवर आणला, ऑगस्टमध्ये सोमवार ते बुधवार बाहेर जेवलं तर माणशी दहा पाउंडापर्यंत अर्धं बिल सरकारनं दिलं. मी स्वतः पोरांना घेऊन तसं जेवलो. मामाकडे १९ वर्षं स्वयंपाक करणारा कोरकू आदिवासी माणूस होता, त्याला महिन्याला माणशी पाच किलो धान्य भेटलं आणि तो बायकोला घेऊन दर्यापूरकडे सोयाबीन सोंगायला गेला. तो परत आला नाही. २०२१ मध्ये मामानं लॉज अमरावतीच्या पार्टीला विकलं, मामेभाऊ चाकणला गोडाउनमध्ये लागला. आता तिथं स्विमिंग पूलवालं रिसॉर्ट आहे, गिझर आहे, बादली नाही, आणि कामाला ठेवलेली पोरं बाहेरची आहेत. ग्रुपवर 'दुसरा धंदा पाहा' म्हणणाऱ्याला मला हे सांगायचं आहे की पाहिला ना दुसरा धंदा, पूर्ण कुटुंबानं पाहिला.

सगळी चूक तुमचीच असं मी म्हणत नाही. पण काही चूक आहे आणि ती मी सांगणार, परदेशात जाऊन शहाणा झाला म्हणा पाहिजे तर. इथं समुद्रावर माणूस चिप्स खाऊन कागद खिशात घालतो. आपल्या पॉइंटवर पायाखाली बाटलीची काच करकरते, आणि ती काच चिखलदऱ्याच्या माणसानं फोडलेली नसते. गाडीत बाटली, गाडीतच डबा, मोठ्या आवाजात गाणं, आणि गावात खर्च शून्य. अशा गर्दीनं गाव जगत नाही. मास्तर लोकांना दिवाळीच्या सुट्ट्या असतात, मंगळवार-बुधवारी जा ना, निम्म्या भावात रूम भेटते, मोठा गावच्या गवळ्याचा खवा घ्या, तिथली कॉफी घ्या, एक रात्र राहा. व्हिएतनामला जाऊ नका असं कोण म्हणते.

आणि दोन्ही गावांना एकच रोग आहे, एका मोठ्या गोष्टीची वाट पाहण्याचा. मोरकॅम ईडन प्रोजेक्ट नावाच्या मोठ्या बाग-प्रकल्पाची वाट पाहते, जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं ५ कोटी पाउंड जाहीर केले तेव्हा आमच्या रस्त्यावर लोक खरंच बाहेर येऊन बोलत होते. चिखलदऱ्यानं सिडकोच्या दरीवरच्या स्कायवॉकची वाट पाहण्यात किती वर्षं काढली. दरवेळी कोणीतरी म्हणते ते झालं की सगळं बदलेल, आणि तोवर सात खोल्यांचं लॉज कोणाच्या यादीत नसते.

इथपर्यंत मी ग्रुपवर लिहू शकलो असतो. पुढचं लिहू शकलो नाही.

पहिली गोष्ट, आम्ही स्वतः दर उन्हाळ्यात स्पेनला जातो. आजींची घरं ज्यांनी रिकामी केली त्याच विमानात बसून जातो. ऊन पाहिजे असतं, पोरांना पूल पाहिजे असतो, आणि मोरकॅमच्या समुद्रावर पाय भिजवायलाही मी वर्षातून एकदा उतरतो.

दुसरी जास्त जड आहे. मागच्या फेब्रुवारीत हाफ टर्मला दहा दिवस परतवाड्याला गेलो. पोरांना चिखलदरा दाखवायचाच होता. बायकोला मी आधीच सांगून ठेवलं होतं की एक रात्र राहू, मामाच्या लॉजच्या बाजूला एक जुनं लॉज अजून चालू आहे तिथं. धामणगाव गढीवरून घाट चढलो तेव्हा माझा गळा दाटला होता. मधला वार होता, गावात चिटपाखरू नव्हतं. लॉजवाल्यानं रूम उघडून दाखवली, स्वच्छ होती, चादर नवीन होती, भाव त्यानं आपणहून कमी केला. मग म्हणाला, "साहेब, गिझर नाही, पण सकाळी गरम पाण्याची बादली पोराच्या हातानं पाठवतो, पैसे नका देऊ त्याचे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लहान्याला सर्दी होती, हे खरं आहे. मी म्हणालो, पाहतो, फिरून येतो. आम्ही पॉइंट पाहिले, भुट्टे खाल्ले, कॉफीचं पाकीट घेतलं आणि संध्याकाळी सहाला गाडी खाली उतरत होती. तो माणूस दारात उभा होता की नाही ते मी पाहिलं नाही, मी मोबाइलमध्ये पाहत होतो.

दोन दिवसांनी मामाला भेटायला गेलो. आता तो अचलपूरला पोरीकडे असतो, डोळ्यांना कमी दिसते. चिखलदऱ्याला जाऊन आलो म्हटल्यावर सरळ उठून बसला.

"रात्री कोठी उतरले?"

मी बाजूच्या त्या लॉजचं नाव सांगितलं.

"चांगला माणूस आहे तो," मामा म्हणाला. "सकाळी पाणी गरम भेटलं ना पोरायले?"

"हो मामा," मी म्हटलं, "एकदम कडक."