'आय कम फ्रॉम' चूक कधीपासून झालं?

आपण कुठले, हे इंग्रजीत कसं सांगायचं याचे पाच नियम देणारा एक संदेश या गटातून त्या गटात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: प्रश्न 'फ्रॉम'वर संपवणं अशुद्ध, 'आय कम फ्रॉम' चूक, कारण येणं भूतकाळात घडलं, 'आय ॲम फ्रॉम' फक्त जन्मस्थळासाठी, देशाच्या नावाआधी 'द' कधीच नको, आणि 'आय हेल फ्रॉम' हे सगळ्यांत उच्च दर्जाचं इंग्रजी. पाचांतला एकही नियम जसाच्या तसा टिकत नाही. त्यातल्या त्यात दुसरा जास्त नुकसान करतो, म्हणून आधी तोच घेतो.

तुम्ही तिथून एकदाच आलात, रोज येत नाही, तेव्हा 'आय केम फ्रॉम जपान' म्हणा, असा हा युक्तिवाद. ऐकताना पटतोही. पण इथलं 'कम' प्रवासाचं नाहीच, ते मूळ सांगणारं आहे. मूळ काही बदलत नाही, म्हणून साधा वर्तमानकाळ. 'धिस वर्ड कम्स फ्रॉम लॅटिन' हे वाक्य आपण बिनधास्त म्हणतो. तो शब्द रोज लॅटिनमधून ये-जा करतो असं कुणाला वाटत नाही. उलट 'आय केम फ्रॉम जपान' म्हटलं की ऐकणारा बहुधा प्रवासच धरतो: हा इथे येण्याआधी जपानमध्ये होता, मग माणूस मुळात ब्राझीलचा का असेना. 'आय ॲम कमिंग फ्रॉम जपान' म्हणजे तर अजून वाटेत आहे, किंवा निघणार आहे. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं 'व्हेअर आर यू कमिंग फ्रॉम?' विचारलं तर त्याला तुमचं गाव नको असतं, विमानात कुठून चढलात ते हवं असतं.

मराठीत ही गफलत होत नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळे प्रत्यय आहेत. 'तो जपानचा' आणि 'तो जपानहून आलाय'. 'तुम्ही कुठले?' आणि 'तुम्ही कुठून आलात?' यांत लहान मूलही गोंधळत नाही. इंग्रजीत 'चा' आणि 'हून' या दोघांच्या जागी एकटं 'फ्रॉम' उभं असतं आणि फरक दाखवायचं काम क्रियापदाच्या काळाला करावं लागतं. काळ बदलला की उत्तरच बदलतं. 'व्हेअर डू यू कम फ्रॉम?' म्हणजे तुम्ही कुठले; 'व्हेअर डिड यू कम फ्रॉम?' हे अचानक समोर उगवलेल्याला विचारतात, 'अरे, तू कुठून टपकलास?' या अर्थानं. नव्या ओळखीत संदेशाचा सल्ला ऐकून हे विचारलंत तर समोरचा जरा चमकेल.

आता पहिला नियम. वाक्याच्या शेवटी प्रेपोझिशन नको, म्हणून 'फ्रॉम व्हेअर आर यू?' म्हणा, असा आग्रह. या आग्रहाचा उगम मजेशीर आहे. 1672 मध्ये जॉन ड्रायडन या कवी-नाटककारानं बेन जॉन्सनच्या नाटकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, आणि ती ओळ संपत होती नेमकी 'फ्रॉम'वर! आपल्या लेखनातही हा दोष अलीकडेच आढळला, असं त्यानं तिथेच कबूल केलं. पुढे 1684 मध्ये स्वतःच्या जुन्या निबंधातली अशी वाक्यं त्यानं फिरवून लिहिली. म्हणजे नियमाचा पहिला बळी नियम सांगणाराच. 1762 मध्ये व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी भारदस्त लेखनात प्रेपोझिशन आधी आणणं बरं, एवढंच म्हटलं. बोलण्यात ते शेवटी येतंच, हे त्यांनाही मान्य होतं. 1926 मध्ये इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं या नियमाची गणना अंधश्रद्धेत केली. आज 'फ्रॉम व्हेअर आर यू?' ऐकलं की बोलणाऱ्याची इंग्रजी पुस्तकी आहे एवढंच कळतं. छोटा 'व्हेअर फ्रॉम?' मात्र सर्रास चालतो.

जन्मस्थळाचा मुद्दा पटकन निकालात निघतो. ब्राझीलमध्ये जन्मून कॅनडात वाढलेल्या माणसानं 'आय ॲम फ्रॉम कॅनडा' म्हटलं तर त्यात खोटं काही नाही. स्वतःला कुठलं मानायचं हे त्यानं ठरवायचं. दोन्ही सांगायचं असेल तर 'ओरिजिनली फ्रॉम ब्राझील' आहेच. फक्त जन्मच सांगायचा तर 'आय वॉज बॉर्न इन ब्राझील'. खरं तर भूतकाळाचा हट्ट इथे धरायला हवा होता, कारण 'आय ॲम बॉर्न इन' ही चूक जागोजागी ऐकू येते आणि संदेशात तिचा उल्लेखसुद्धा नाही.

'द'बाबत संदेश बऱ्यापैकी बरोबर आहे, 'कधीच' हा शब्द सोडून. नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात किंगडम, स्टेट्स, रिपब्लिक असा सामान्य शब्द असेल तर 'द' लागतो: फ्रॉम द नेदरलँड्स, फ्रॉम द फिलिपिन्स, फ्रॉम द युनायटेड किंगडम. गाम्बिया या दोन्हींत बसत नाही, तरी अधिकृतपणे 'द गाम्बिया'च. युक्रेनचं उलट झालं. पूर्वी 'द युक्रेन' लिहीत. 1991 च्या स्वातंत्र्यानंतर तो 'द' हळूहळू गेला, आणि आता लावला तर तिथल्या लोकांना खटकतो.

राहिला 'हेल'. हा शब्द जहाजांच्या दुनियेतला. समुद्रावर एका जहाजानं दुसऱ्याला हाक मारून कुठलं म्हणून विचारायचं, त्यातून हा प्रयोग आला. चूक नाही, पण त्यात उच्च दर्जाचंही काही नाही. बातमीत किंवा पाहुण्याची ओळख करून देताना 'शी हेल्स फ्रॉम केनिया' शोभतं. मुलाखतीत स्वतःबद्दल 'आय हेल फ्रॉम' म्हटलं की उगाच दवंडी पिटल्यासारखं वाटतं. तिथे 'आय ॲम फ्रॉम' पुरतं.